ज्यूंचे जेवणाचे नियम जंतूंसाठी केलेले नाहीत

‘ज्यूंनी हजारो वर्षांपूर्वी जंतू ओळखले होते. म्हणून ते जेवणाआधी हात धुतात, जेवताना एक शब्द बोलत नाहीत आणि राब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, आशीर्वाद दिलेलेच अन्न खातात. त्यांचे सगळे नियम आरोग्यासाठीच आहेत.’ अशा अर्थाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सूर कौतुकाचा असल्यामुळे कोणी तपासून पाहत नाही. पण या कौतुकात त्या धर्मशास्त्रातला सर्वांत सुंदर भागच झाकला जातो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी हात धुण्याचे पाहू. रोटी खाण्यापूर्वी भांड्यातून दोन्ही हातांवर पाणी ओतायचे, निदान दीड अंड्याच्या आकारमानाएवढे. पण हाताला चिखल किंवा कणीक लागली असेल तर ती आधीच काढायची, कारण कातडी आणि पाणी यांच्यामध्ये काही आले तर विधी होत नाही. म्हणजे मळ निघाल्यावर विधी सुरू होतो. जेरुसलेमच्या मंदिराचे पुरोहित अर्पण म्हणून मिळालेले धान्य शुद्ध होऊनच खात. तीच शिस्त पुढे घरोघरी आली. इ.स. 70 मध्ये मंदिर पडले, शिस्त टिकली.

जेवताना न बोलण्याला तालमूद, म्हणजे राब्बींच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ, आरोग्याचेच कारण देतो, हे मान्य. घास श्वासनलिकेत जाईल म्हणून शिंकणाऱ्याला शुभ चिंतण्याचीही मनाई आहे. पण ही मनाई घास गिळतानाची. तालमुदाचा पाया असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहात तर म्हटले आहे की तिघे एकत्र जेवले आणि तोरातले, म्हणजे धर्मग्रंथातले, काहीच बोलले नाहीत, तर ते मृतांना वाहिलेल्या बळीचे अन्न खाल्ल्यासारखे. पंगत मुकी नसावी, हाच आग्रह.

राब्बीच्या आशीर्वादाने अन्न कोशर, म्हणजे धर्माप्रमाणे खाण्याजोगे, होते, हे तर साफ चूक. राब्बी प्राणी, तो कापण्याची पद्धत, भांडी तपासतो. आशीर्वचन खाणारा स्वतः म्हणतो आणि ते देवाला उद्देशून असते. ते न म्हणता खाणे म्हणजे देवाच्या मालकीचे परस्पर वापरणे, असे तालमूद सांगतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू मलिदा करतात, पोहे, नारळ, साखर आणि फळे घालून. तिथेही झाडाच्या फळाचे आशीर्वचन वेगळे आणि जमिनीतून येणाऱ्याचे वेगळे.

उरला ‘सगळे आरोग्यासाठीच’ हा दावा. मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस स्वतः वैद्य होता आणि त्याने निषिद्ध अन्नाला आरोग्याची कारणे दिली, हे खरे. पण तोराचा भाष्यकार इसाक अबार्बानेलने पाचशे वर्षांपूर्वीच त्याला विरोध केला: तसे असेल तर तोरा म्हणजे वैद्यकाचे एखादे छोटे पुस्तक ठरेल!

योसेफ कारो या राब्बीने गालीलमधल्या साफेद गावी लिहिलेला ‘शुल्हान आरूख’ हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याच्या पहिल्या भागातले 170 वे प्रकरण जेवणातल्या वागणुकीवर आहे. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा त्याच्या वाढणीकडे पाहू नये, तो संकोचेल. पाहुण्याने ‘मला वाढा’ म्हणू नये, यजमानाच्या सांगण्याची वाट पाहावी. यजमानाने पंगतीत चिडू नये, पाहुण्यांना घास जाणार नाही. पेला एका घोटात रिता करणारा हावरट, दोन घोटांत पिणे रीतीचे, तीन घोट घेणारा गर्विष्ठ. यात जंतू कुठे आहेत? सगळी काळजी समोरच्या माणसाच्या मनाची.

आणखी एक नियम: आपल्या पुढ्यातले यजमानाच्या मुलाला परस्पर देऊ नये. त्यामागे तालमुदातली गोष्ट आहे. दुष्काळात एकाने तीन पाहुणे बोलावले. घरात तीनच अंडी होती, ती त्याने पाहुण्यांपुढे ठेवली. मुलगा आत आला तेव्हा एकेकाने मायेने आपापले अंडे त्याला देऊन टाकले. बाप आला तर एक अंडे मुलाच्या तोंडात, दोन हातांत. रागाच्या भरात त्याने मुलाला जमिनीवर आपटले, मूल गेले. ते पाहून आईने छतावरून उडी टाकली, मागोमाग बापानेही. यजमानाच्या घरात किती शिल्लक आहे हे पाहुण्याला दिसत नाही, म्हणून त्याला विचारल्याशिवाय द्यायचे नाही.