'मिरवणं' या शब्दाबद्दल: 'गोदाकाठचा श्रोता' यांना उत्तर

नमस्कार,

उत्तराला चार दिवस लागले. पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते रागात लिहिलं होतं म्हणून टाकलं नाही. राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण तुमची कमेंट मी नंतर तीनदा शांतपणे वाचली आणि तरी मला तेच वाटलं जे पहिल्यांदा वाटलं होतं, म्हणून आता लिहितेच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी पाश्चात्य शास्त्रीय गाणं, ऑपेरा आणि चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं संगीत) नव्याने ऐकणाऱ्यांसाठी पंधरा रेकॉर्डिंगं सुचवली होती. त्यातली बरीच मोनो, म्हणजे एकाच चॅनलवर आवाज घेतलेली, आहेत. त्यावर यांनी लिहिलंय: "ताई, पंधरापैकी अकरा मोनो! एवढी खरखर ऐकून नवीन माणूस पळून जाईल. माहलरचा ऑर्केस्ट्रा मोनोत काय कळणार? चेंबर म्युझिकला दोनच जागा, आजचा एकही गायक नाही. फेरिअरचं रेकॉर्डिंग १९५३ चं नाही, १९५२ चं आहे. जुनं ऐकतो हे मिरवण्यापलीकडे या लिस्टचा काही उपयोग नाही."

आधी तुमचं बरोबर आहे ते. गायिका कॅथलीन फेरिअर आणि ऑर्केस्ट्राचे संचालक ब्रूनो वॉल्टर यांचं 'दास लीड फॉन डेअर एर्दे', म्हणजे माहलरची आवाज आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, व्हिएन्नात मे १९५२ मध्ये रेकॉर्ड झालं. १९५३ हे फेरिअर गेली ते वर्ष, ऑक्टोबर महिना, वय ४१, आणि लिहिताना माझ्या डोक्यात तेच होतं. चूक माझी. पोस्टमध्ये दुरुस्त केलीये आणि दाखवून दिल्याबद्दल खरंच आभार.

आता 'मिरवणं'.

तुम्ही सुरुवात 'ताई' म्हणून केलीत आणि शेवट मिरवण्यावर केलात. ताई म्हणायचं आणि मग चार लोकांसमोर तिला खोटी ठरवायचं ही कुठली रीत? तुम्हाला लिस्ट आवडली नाही, तर आवडली नाही म्हणा, तुमची पंधरा नावं द्या, मी आनंदाने ऐकेन. पण माझं ऐकणं दिखाव्याचं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही माझ्या घरी आला नाहीत, मी काय आणि कधी ऐकते ते तुम्हाला माहीत नाही, या ब्लॉगवर तुमची ही पहिलीच कमेंट दिसतेय.

म्हणून सांगावं लागतंय, खरं तर हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. माझे वडील ओझरला मिगच्या कारखान्यात फिटर होते. तिथे तेव्हा रशियन इंजिनिअर असायचे. १९८४ साली त्यातले एक गृहस्थ मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी वडिलांना एक रेकॉर्ड प्लेअर आणि मेलोडिया या रशियन कंपनीच्या नऊ एलपी देऊन टाकल्या, सामानाचं वजन जास्त होत होतं म्हणून. मी बारा वर्षांची होते. कव्हरवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती. त्यातल्या एकीवर एक माणूस असा गात होता की मधेच गाणं थांबून तो घाबरून बोलायला लागायचा, श्वास लागल्यासारखा, आणि परत गाण्यात यायचा. आई म्हणाली बंद करा ते, घरात कुणीतरी मरतंय असं वाटतं. आईचं बरोबरच होतं. तो रशियन गायक फ्योदोर शालियापिन होता आणि ते 'बोरिस गोदुनोव्ह' या ऑपेरातल्या झार बोरिसचं मरण होतं, हे मला तब्बल अकरा वर्षांनी कळलं. माझ्या आईला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, ऑपेरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि रेकॉर्ड तर एवढी खरखरत होती की विचारू नका. तरी तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं की काय चाललंय. माझ्या लिस्टमध्ये शालियापिन आहे तो या कारणासाठी. मी मिरवायला काढलेला नाही.

पुढे नोकरी लागल्यावर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं, काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये दोन-तीन तास उभं राहून बघायचं, एखादी सीडी घ्यायची आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. १९९६ ला गायिका मारिया कॅलासच्या 'तोस्का' या ऑपेराचा दोन सीडींचा सेट आणला तेव्हा माझ्याकडे सीडी प्लेअर सुद्धा नव्हता, शेजाऱ्यांचा रविवारी मागून आणायचे. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये लोडशेडिंगच्या काळात अंधारात बसून, बॅटरीवर, एका कानातला हेडफोन मुलीच्या कानात आणि एक माझ्या कानात असं ऐकलंय मी हे सगळं. एका कानात मोनोच चांगलं ऐकू येतं, कारण दोन्हीकडे तेच असतं, स्टिरिओ असेल तर अर्धं गाणं दुसरीकडे राहतं. हे तुम्ही मिरवणं म्हणणार असाल तर म्हणा.

आता खरखर. इथे तुमची सरळ गफलत झालीये आणि ती बऱ्याच जणांची होते म्हणून नीट लिहिते. मोनो वेगळं आणि खरखर वेगळी. मोनो म्हणजे आवाज एका चॅनलवर घेतलेला, बास. खरखर येते ती ७८ च्या तबकडीवरून, सुई लाखेच्या पृष्ठभागावर घासते त्याची. १९५० च्या आसपास मोठ्या कंपन्या टेपवर रेकॉर्ड करायला लागल्या आणि ती खरखर मुळातूनच गेली. माझ्या अकरा मोनोपैकी बहुतेक सगळी टेपवरची आहेत. १९५३ ची तोस्का टेपवरची, फेरिअर टेपवरची, गायक हान्स हॉटर आणि पियानोवादक जेराल्ड मूर यांची १९५४ ची 'विंटरराईझे' (शूबर्टची गाणी) टेपवरची. यात खरखर कुठून येणार? तुम्हाला ऐकू आली असेल तर कुणीतरी जुन्या घासलेल्या एलपीवरून नेटवर टाकलेली कॉपी तुम्ही ऐकली असणार, कंपनीने मूळ टेपवरून काढलेली आवृत्ती नाही. खरोखर तबकडीची खरखर असलेली रेकॉर्डिंगं लिस्टमध्ये तीनच होती: इटालियन गायक करुसो, शालियापिन आणि बुश क्वार्टेट हे चार तंतुवादकांचं पथक.

आणि त्या तिघांबद्दलही बोलायचं तर, उलट भीती खरखर काढून टाकलेल्या कॉपीची आहे. खरखर आणि आवाजातलं वरचं तेज दोन्ही साधारण एकाच पट्टीत असतात, एक जास्त पुसायला गेलं की दुसरंही पुसलं जातं, आणि गायक तोंडावर रुमाल धरून गातोय असं ऐकू येतं. थोडी खरखर ठेवलेली कॉपी घ्या, कान दोन मिनिटांत सरावतो.

करुसोचं एक सांगते, नाशिकच्या वाचकांना आवडेल. एप्रिल १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाच्या रेकॉर्डिंगवाल्याने मिलानमधल्या हॉटेलच्या खोलीत करुसोची दहा गाणी घेतली, शंभर पौंडांत. माइक नव्हता, पत्र्याच्या कर्ण्यात गायचं. तोच गाइसबर्ग त्याच वर्षाच्या शेवटी कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचा आवाज तसाच कर्ण्यातून घेतला. एकाच माणसाने, एकाच वर्षात, जवळपास त्याच यंत्राने. गौहर जानच्या रेकॉर्डबद्दल आपण हळवे होतो, शेवटी ती स्वतःचं नाव सांगते ते ऐकून अंगावर काटा येतो, आणि करुसो लावला की मात्र क्वालिटी आठवते, हे मला कळत नाही.

आणि तुम्ही नाव घेतलंय गोदाकाठचं. मग बापूराव पलुस्कर तुम्ही कसे ऐकता? त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी उत्तरायुष्यात इथे नाशिकला आश्रम काढला, बापूराव इथे वाढले, आणि १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. त्यांचा एक सूरही स्टिरिओत नाही, असूच शकत नाही, स्टिरिओच्या एलपी बाजारात आल्याच १९५८ मध्ये. 'ठुमक चलत रामचंद्र' तीन मिनिटांच्या तबकडीवर आहे. माझी आजी पंचवटीत रामनवमीला ते लावायची आणि अर्ध्या आळीला ऐकू जायचं. तेव्हा कुणी म्हणालं का, अहो आजी, हे मोनो आहे, नवीन माणूस पळून जाईल? बापूरावांच्या श्री रागातल्या 'हरी के चरण कमल'मधला तो कोमल रिषभ ऐकायला कुठला सराउंड सिस्टीम लागतो? तो रिषभ जसा त्या एका गळ्यात आहे तशीच तोस्कातला खलनायक स्कार्पिया गाणाऱ्या गॉबीची दहशत त्या एका गळ्यात आहे, आणि ती १९५३ मध्येच आहे, म्हणून मी १९५३ ची तोस्का सांगितली.

हे सिद्ध पण करता येतं. कॅलासने तोस्का दोनदा रेकॉर्ड केला. पहिला १९५३ चा, दे साबाताच्या हाताखाली, मोनो. दुसरा १९६४-६५ चा, प्रेत्र यांच्याबरोबर, स्टिरिओ, आणि त्यातही स्कार्पिया तितो गॉबीच आहे. म्हणजे तीच गायिका, तोच खलनायक, तोच ऑपेरा आणि वर तुम्हाला हवा तो स्टिरिओ. दोन्हीतला दुसरा अंक पाठोपाठ ऐका. स्टिरिओत कॅलासचा वरचा षड्ज हलतो, अक्षरशः लाटेसारखा हलतो, अकरा वर्षांत गळा झिजला होता. 'विसी दार्ते' दोन्हीत आहे, १९५३ मध्ये ती ते देवाला विचारते, नंतरच्यात कष्टाने गाते. नंतरचं रेकॉर्डिंग मला वाईट वाटत नाही, त्यातला अभिनय काही ठिकाणी जास्त खोल आहे, पण नवीन माणसाला पहिलं कुठलं देऊ? तुम्ही कुठलं द्याल? मला खरंच उत्तर हवंय याचं.

माहलरच्या ऑर्केस्ट्राबद्दल. वॉल्टर हा माहलरचा सहायक होता. माहलर मे १९११ मध्ये गेला, 'दास लीड' त्याने स्वतः कधी ऐकलंच नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्युनिकला ते पहिल्यांदा सादर केलं ते याच वॉल्टरने. त्याच माणसाचा हात १९५२ च्या रेकॉर्डिंगवर आहे. गाणारी फेरिअर आजारी आहे आणि शेवटी 'एविग', 'एविग' म्हणत आवाज विरत जातो. तुम्हाला त्यात बासरी डावीकडे की उजवीकडे ते हवं असेल तर संचालक क्लेम्परर यांचं घ्या, गायक क्रिस्टा लुडविग आणि फ्रित्झ वुंडरलिख, पूर्ण स्टिरिओ. ते मी त्याच नोंदीखाली दिलं होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

तसंच ते 'अकरा मोनो'. उरलेल्या चारांबद्दल एक शब्द नाही तुमचा. सोल्टीने संचालन केलेली वाग्नरची 'रिंग' आहे, कारायानची १९७२ ची 'ला बोहेम' पावरोत्ती आणि फ्रेनीसकट आहे, कार्लोस क्लायबरची 'त्राविआता' आहे, जेसी नॉर्मनची 'चार अखेरची गाणी' आहेत. नॉर्मनचा तो आवाज तर हेडफोन फोडून खोलीभर पसरतो. हे चार काय मी मिरवायला घातले?

चेंबर म्युझिकला दोनच जागा, हो, दोनच. लिस्ट मुळात आवाजाची होती. पण त्या दोनमधली एक तरी लावून बघा, बुश क्वार्टेटने १९३७ मध्ये वाजवलेलं बेथोवेनचं ओपस १३२, तिसरी मूव्हमेंट. बेथोवेन मोठ्या दुखण्यातून उठला आणि १८२५ मध्ये देवाचे आभार म्हणून त्याने हे लिडियन मोडमध्ये लिहिलं. लिडियन म्हणजे आपला कल्याण थाट, तीव्र मध्यमाचा. तो मध्यम आला की यमन ऐकणाऱ्या कुठल्याही मराठी कानाला ओळखीचं वाटतं, आणि लगेच परका पण वाटतो, कारण त्याच्याखाली बाकीची तीन वाद्यं चाललेली असतात. माझी एक मैत्रीण, जी आयुष्यभर फक्त किराणा घराण्याचं गाणं ऐकत आली, हे ऐकून परत लाव म्हणाली होती. १९३७ ची तबकडी, खरखरीसकट.

आजचे गायक नाहीत यावर मी भांडत नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर वेगळी पोस्ट होईल तेव्हा होईल.

दादा, तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून मीही दादा म्हणते. तुमची कमेंट काढणार नाही, तारखेची चूक तुमच्यामुळे सुधारली हेही वर लिहून ठेवलंय. दोन तोस्का ऐकून झाल्या की इथेच खाली लिहा, कॅलास, गॉबी, मोनो, स्टिरिओ कशावरही बोलू, रात्रभर बोलू. पण माझ्या ऐकण्याला परत मिरवणं म्हणालात तर मी उत्तर देणार नाही.