घोटभर कॉफी मागितली, किडनी नाही

पहाटेची फ्लाईट म्हणून साडेतीनला उठायचं, पट्टा-पाकीट-लॅपटॉप सगळं ट्रेमधे टाकून परत गोळा करायचं, आणि एवढं करून माणसाचं मागणं काय, तर घोटभर बरी कॉफी. मिळते का? छे! तीनशे रुपये मोजून कपात येतं कढत पाणी, वर साबणासारखा फेस, तळाला जळकट काहीतरी. साखर तिकडे कोपऱ्यात, पुड्या संपलेल्या. ढवळायला लाकडी काडी, कॉफीपेक्षा तिचीच चव जास्त. फिल्टर कॉफी विचारली तर पोरगं असं बघतं जशी काय मी त्याची किडनी मागितली. "सर, कॅपुचिनो की लाटे?" अरे बाबा, काहीही दे पण कॉफीसारखं लागू दे!

मशिनं दोन, त्यातलं एक कायम बंद, आणि रांगेत पुढचा माणूस ओट मिल्क आहे का विचारतोय. तिकडे लास्ट कॉल चालू. कप असा तापलेला की धरवत नाही, पिववत नाही, आणि टाकवत तर अजिबात नाही, तीनशे रुपये आहेत ते!

विमानतळावर दुकानाचं भाडं फार असतं म्हणे. बरं, महाग समजू शकतो, पण भाड्याने कॉफी पाणचट होते का हो? डिसेंबर २०२४ मधे कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे निघाला, चहा १० रुपये, कॉफी २०. तिथे जमतं, मग बाकीच्यांना काय धाड भरलीये?

आणि विमानात तरी पिऊ म्हणाल, तर तिथे पावडरवर गरम पाणी ओततात आणि वर कार्ड मशीन पुढे करतात.