सब-आउट कुठंय?

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला (रेडिओ आणि आवाज वाढवणारा अँप एकाच डब्यात) सबवूफर, म्हणजे फक्त बासचे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, जोडणं हे अर्ध्या तासाचं काम. उरलेला रविवार कपाट पुढे ओढण्यात, तोंडात टॉर्च धरून मागची बारीक अक्षरं वाचण्यात आणि ‘हे नक्की काय चाललंय?’ या घरातल्या प्रश्नाला उत्तरं देण्यात जातो. मागे रेकॉर्ड प्लेअरचा फोनो असतो, टेप असतो, एरियलचे स्क्रू असतात, कधी कधी दुसरं यंत्र लावायला विजेचं सॉकेटही असतं. सबवूफरला सिग्नल देणारं सब-आउट मात्र नसतं. सत्तरच्या दशकातल्या कारागिरांच्या मते बास हे स्पीकरचं काम होतं, आणि तेव्हाचे स्पीकर कमरेइतके उंच असत. आपण त्याच रिसीव्हरला पाच इंची वूफरचे बुकशेल्फ लावतो आणि मग बास कुठे गेला म्हणून शोधायला निघतो.

आधी सब पारखून घ्यावा. मोडीत निघालेल्या होम थिएटरचा डबा फुकट मिळाला, तरी मागे स्वतःची पॉवर कॉर्ड नसेल तर त्यात अँप नाही. तो नुसता पेटीतला स्पीकर, या कामाचा नाही.

नशीबवान मंडळींच्या रिसीव्हरवर ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ ही सॉकेट असतात. उदाहरणार्थ मॅरांट्झ २२७०. त्यांच्यामध्ये यू आकाराच्या दोन धातूच्या पिना खोचलेल्या असतात. त्या उपसल्या की रिसीव्हर मुका होतो, आणि माणसाला वाटतं, गेला! गेलेला नसतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या प्री-अँपचा सिग्नल स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अँपकडे त्याच पिनांवरून जातो. तिथे दोन वाय जोड लागतात, एका बाजूला मेल आणि दुसऱ्या बाजूला दोन फीमेल. मेल प्री-आउटमध्ये, एका फीमेलमधून फूटभराची आरसीए केबल मेन-इनला, दुसऱ्यातून लांब केबल सबला. डावीकडे एक, उजवीकडे एक. सॉकेट काळी पडलेली असतात, म्हणून आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. सबवर एलएफई असं लिहिलेलं छिद्र सगळ्यात ऐटबाज दिसतं, पण बऱ्याच सबमध्ये ते आतला क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे सूर गाळणारी चाळणी, टाळून जातं. मग बासऐवजी अख्खी गायिकाच डब्यातून गाऊ लागते. लाइन-इनचे डावे-उजवे वापरावेत.

प्री-आउट नसलं की हात आपोआप टेप-आउटकडे जातो. जाऊ देऊ नये. तो सिग्नल व्हॉल्यूमच्या आधीच निघतो. बटण शून्यावर आणा, स्पीकर गप्प होतील, सब मात्र वरातीतच राहील.

अशा वेळी सबचं हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्याच वायरवरून सिग्नल घेणारं, कामाला येतं, आणि माझ्या मते प्री-आउट असलं तरी हाच रस्ता जास्त निवांत. स्पीकर ए च्या टर्मिनलवर स्पीकरची वायर आहे तशीच ठेवून तिच्याच जोडीला सबची वायर लावायची. या इनपुटचा रोध हजारो ओहमचा असतो, त्यामुळे आठ ओहम ओढणाऱ्या अँपला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच इथे जाड वायरवर पैसे उधळू नयेत. स्पीकर बी रिकामा दिसतो म्हणून सब तिकडे लावण्याचा मोह होतो, पण काही जुने रिसीव्हर ए+बी दाबल्यावर दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, टाकतात. एकीकडे आठ ओहम, दुसरीकडे हजारो. मुख्य स्पीकर जवळजवळ बंदच. शिवाय यंत्र बंद असताना मल्टिमीटरने डाव्या आणि उजव्या निगेटिव्हमधला रोध मोजावा. तो शून्याच्या आसपास आला नाही, तर दोन्ही निगेटिव्ह सबमध्ये एकत्र आणू नयेत. आणि वायरचे सुटे केस पिळून घ्यावेत. बाहेर राहिलेला एक केस शेजारच्या टर्मिनलला शिवला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातो, आणि तो पुन्हा मिळवायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालावी लागते.

सबलाही हाय-लेव्हल नसेल, तर गाड्यांच्या स्टिरिओवाल्याकडे स्पीकरचा सिग्नल लाइन-इनला चालेल इतका लहान करणारा हाय-टू-लो कन्व्हर्टर मिळतो. गाडीसाठीचा असला तरी घरात चालतो.

जोडणी झाली की घूंऽऽ सुरू होतं. हा पन्नास हर्ट्झचा आपला वीजपुरवठा. रिसीव्हर आणि सब एकाच बोर्डवर घ्यावेत. मग केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. अर्थिंगचं दुसरं टोक बहुतेक तिथूनच घरात शिरलेलं असतं. सबच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला देणाराही कोणीतरी भेटतोच. त्याला चहा पाजून वाटेला लावावं. रिसीव्हर अमेरिकेतल्या काकांकडून आलेला, १२० व्होल्टचा असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर फक्त त्याला. सब आपल्या इथला असेल तर सरळ २३० वर. सिग्नलची केबल त्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवावी.

आता जागा. सब तात्पुरता आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, बासचं गाणं लावायचं, आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल, तिथे सब. पडदे ओढून घेतलेले बरे. बारा बाय दहाच्या खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला हवा घुमते, म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सब ठरावीक सुरांवरच डरकाळ्या फोडतो. सबचा क्रॉसओव्हर ७० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान, रिसीव्हरचा लाउडनेस बंद, बासचं बटण मधोमध. सबवरचं फेजचं बटण ० आणि १८० वर करून पाहावं. खुर्चीत बसून ज्यात बास भरीव वाटेल ते ठेवावं. काळी एकमधल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, तेवढं छोटे स्पीकरही कसंबसं निभावतात. खरी परीक्षा बास गिटारच्या ४१ हर्ट्झची.

रेकॉर्ड लावत असाल तर रिसीव्हरवरचा लो फिल्टर दाबा. नाहीतर वाकड्या तबकडीच्या चढउतारांनी वूफरचा कोन ऐकू न येता पुढे-मागे हलत राहतो आणि अँपची ताकद फुकट जाते.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग सब. बंद करताना उलट. ऑटो-स्टँडबाय असेल तर ते ‘ऑन’ वरच ठेवा. रात्री हळू लावलेल्या गाण्यात सबला डुलकी लागते आणि पुढच्या मोठ्या ठोक्याला तो धप्प करून जागा होतो. खाली जाड रबरी पॅड घाला, पण त्यावर फार विसंबू नका. स्लॅबमधून पहिला धप्प गेला की खालच्या मजल्यावरचे काका घड्याळ बघूनच जिना चढायला लागतात.