फवारणीपेक्षा झाडू बरा

घरातले कोळी घालवायला दर महिन्याला कानाकोपऱ्यात फवारणी करा, हा एका लेखातला सल्ला काही पटला नाही. झुरळ फवारलेल्या जागेवरून अंग घासत फिरतं, मग मिशा चाटतं, म्हणून औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर अंग उचलून चालतो. सुकलेलं औषध त्याला फारसं लागतच नाही. त्यापेक्षा झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर घ्या. जाळं काढताना अंड्यांची पिशवी मात्र सुटू देऊ नका, एकेकीत शेकडो अंडी असू शकतात. आणि दाराबाहेर पांढरा दिवा रात्रभर जळत असेल तर किडे येणार, त्यांच्या मागोमाग कोळीही. तिथे पिवळा लावा.

धास्ती घ्यावी असे कोळी मोजकेच, जसे ब्लॅक विडो आणि ब्राउन रेक्लूज हे विषारी कोळी. ब्लॅक विडोच्या मादीच्या पोटाखाली बहुधा डमरूसारखी लाल खूण असते. ब्राउन रेक्लूजला आठऐवजी सहाच डोळे, पण ते मोजायला जवळ जाणार कोण! दोघंही लाकडाच्या ढिगात, अडगळीच्या खोक्यांत दडतात. तिथे हात घालताना जाड हातमोजे हवेत, तेही आधी झटकून. छताच्या कोपऱ्यातल्या लांब, काटकुळ्या पायांच्या कोळ्याला मी हाकलत नाही, तो इतर कोळ्यांनाही खातो.