मावशी, ते एरंडेल राहू दे!

परवा रात्री साडेअकराला मावशीने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला आणि पाचच मिनिटांत ताईचा फोन. "अरे, ऑपरेशन पुढे ढकलूया का?" ऑपरेशन तिच्या 14 वर्षांच्या लेकीचं, पायातल्या हाडाच्या गाठीचं.

फॉरवर्ड म्हणतो: हाडाच्या गाठीला सुरी लागली की कॅन्सर होतो, बायॉप्सीने (तपासायला गाठीचा तुकडा काढला की) तो पसरतो, नसेजवळ कापलं की पाय लुळा. त्यापेक्षा कोमट एरंडेलाने जोर लावून मालीश करा, वर चुना-गुळाचा गरम लेप लावा, 21 दिवसांत गाठ विरघळते.

विरघळते! भाचीला झालाय तो ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडालाच फुटलेलं हाड, टोकाला कूर्चेची टोपी. तेलाने ते विरघळत असेल तर शेजारचा गुडघा कसा टिकायचा?

हसून सोडलं असतं, पण भाचीची गाठ गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेवर आहे. पेरोनियल नर्व्ह ही नस नेमकी तिथेच हाडाला वळसा घालते, अगदी कातडीखालून. पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्याच हुकमातले. महिनाभर पोरीची स्लिपर पायातून निसटतेय, जिना चढताना अंगठा पायरीला अडकतोय. खालून हाड रेटतंय, आणि वरून तुम्ही अंगठ्याने रगडणार? त्यात पावलावर आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाला तिला स्पर्श धड कळत नाही. गरम लेपाने भाजलं तर फोड आल्यावरच समजायचं.

सुरीने कॅन्सर होत नाही. अशा एकट्या गाठीत तो साधारण 1 टक्का किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, आणि होतो तो त्या कूर्चेच्या टोपीत. ऑपरेशनमध्ये टोपीच सगळी काढतात. (त्रास न देणारी गाठ काढतही नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात.)

बायॉप्सीचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या कर्करोगाचे 329 रुग्ण तपासले. चुकीच्या बायॉप्सीने निदान चुकलं, काहींचे हातपाय विनाकारण कापावे लागले, हे त्यात आहे. पण "बायॉप्सी करू नका" असं ते म्हणाले नाहीत. पुढचे उपचार जिथे होणार, तिथेच ती करा, असं म्हणाले. आणि भाचीची तर बायॉप्सी झालेलीच नाही, एक्स-रे आणि एमआरआयवरच निदान झालंय.

राहिला लुळा पाय. धोका आहे, सर्जनने तो सांगूनच ताईची सही घेतलीय. नर्व्ह आधी शोधतात, मोकळी करून मऊ रबरी पट्टीने बाजूला धरतात, मग गाठ बुडापासून काढतात. तरी कधी पाऊल काही आठवडे, काही महिने लोंबतं, क्वचित कायमचं. पण दाबलेली नर्व्ह तशीच ठेवली तरी पाऊल लोंबायचंच की!

तारीख बदललेली नाही, पुढचा मंगळवार. मावशी, बाटली कुरिअर केलीच असशील तर माझ्या कंबरेला लावीन.