बुटीबोरीचा गेटपास आणि स्टुटगार्टची मीटिंग

मागच्या मे महिन्यात नागपूरला आलो होतो तेव्हाची गोष्ट. मावसभाऊ नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यातून नाइट शिफ्ट करून आला होता, सकाळचे साडेसात वाजले असतील पण ऊन तेव्हाच अंगाला लागत होतं, आणि आम्ही दोघं ठेल्यावर तर्री पोहे खात उभे होतो. पैसे काढताना त्याच्या खिशातून गेटपास पडला, मी उचलला आणि सहज वाचला. निळी पट्टी, वर ठेकेदाराचं नाव, आणि जॉइनिंगची तारीख त्याच वर्षातल्या मार्चची. मी म्हटलं अबे, तू तर मी जर्मनीला गेलो त्याच्याही आधीपासून तिथे आहेस ना? तो म्हणाला, "दादा, चौदा वर्षं झाले एकाच मशीनवर, पण कागदावर मी दरवेळी नवाच राह्यतो. ठेका बदलला का पास बदलते."

त्याच्या शेजारच्या मशीनवर पर्मनंट माणूस आहे, त्याची पट्टी हिरवी. काम तेच, पार्ट तेच, टार्गेट तेच. त्याला महिन्याला बेचाळीस हजार आणि माझ्या भावाच्या हातात साडेचौदा. ही गोष्ट तो रागाने नाही सांगत, हवामान सांगावं तशी सांगतो, आणि मला तेच जास्त लागलं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेले काही महिने एकच वाद चाललाय. एक बाजू म्हणते, उद्योगपतींना शिव्या देणं बंद करा, तेच रोजगार देतात, लोकांना फुकटची सवय लागलीये, लाडकी बहीणमुळे कामाला माणसं मिळत नाहीत. दुसरी बाजू म्हणते सगळा देश दोन-चार घराण्यांना विकलाय. मग कोणीतरी माझ्याकडे वळून लिहितं, तू तिकडे मजेत आहेस, तुला इथलं काय कळणार, किंवा त्याच्या बरोबर उलट, तुमच्या जर्मनीत कसं सगळं छान आहे ते सांग. दोन्ही वेळा मी गप्प बसलो. आता जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं बघू. जुलै २०२५ मध्ये ग्रुपवर एक बातमी फिरली, भारत जगातला चौथा सगळ्यात समान देश, गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, आकडा जितका कमी तितकी विषमता कमी) २५.५. आकडा वर्ल्ड बँकेचाच आहे, खोटा नाही, पण तो खर्चावरून काढलेला आहे, म्हणजे घरात महिन्याला किती खर्च होतो त्यावरून. श्रीमंत माणूस काही दहा हजारपट जास्त पोळ्या खात नाही, त्याचा पैसा शेअर्समध्ये आणि जमिनीत जातो, आणि सर्व्हेवाला त्याच्या दारात पोचला तरी तो किती सांगेल हा प्रश्न आहेच. उत्पन्न आणि संपत्ती मोजली की चित्र पार बदलतं. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ साली वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा निघाला. आपण १९८५ साली वारसा कर बंद केला, २०१५ साली संपत्ती कर बंद केला, २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५. मी म्हणत नाही की हे सगळंच चूक होतं. पण एवढं देऊन झाल्यावर माझ्या भावाच्या पासची पट्टी का बदलली नाही, हा प्रश्न विचारायचा की नाही?

आणि लाडकी बहीणचं म्हणाल तर वहिनीला मिळतात ते १५०० रुपये, त्यात पोट्ट्याची ट्यूशन निघते, आणि मला त्यात काहीही वाईट वाटत नाही. पण हिशेब करा ना, त्याच्या आणि हिरव्या पट्टीवाल्याच्या पगारात साडेसत्तावीस हजारांचा फरक आहे, दर महिन्याला. सरकार पंधराशे देतं त्यावर आपण वर्षभर भांडतो आणि या साडेसत्तावीस हजारांबद्दल कोणी एक मेसेज टाकत नाही.

आता इकडचं सांगतो. स्टुटगार्टजवळ मशीन बनवणारी आमची कंपनी आहे, सुमारे नऊशे माणसं, मी डिझाइनला आहे. २०२३ च्या शेवटी एक मोठी ऑर्डर आली आणि मॅनेजमेंटने ठरवलं की सलग पाच शनिवार ओव्हरटाइम करायचा. मला वाटलं झालं, नोटीस लागेल आणि आपण येऊ. तर इथे नोटीस लावायच्या आधी बेट्रीब्सराटची परवानगी लागते, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती. पाच माणसं कामाला असतील तरी ती निवडता येते आणि ओव्हरटाइमच्या बाबतीत तिचा होकार नुसता औपचारिक नसतो, कायद्यानेच लागतो. त्या समितीचा प्रमुख म्हणजे आमचा असेंब्लीतला फिटर, पंचावन्नचा माणूस, नखांतलं ग्रीस कधी न जाणारा. सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये त्याने प्लँट मॅनेजरला विचारलं की फेब्रुवारीपासून तीन जागा रिकाम्या आहेत त्या का नाही भरल्या, त्या भरल्या असत्या तर शनिवार लागले असते का? मॅनेजरकडे उत्तर नव्हतं, त्याने पुढच्या आठवड्यात देतो म्हणून वेळ मागून घेतला. शेवटी दोन शनिवार ठरले, तीन माणसं घेतली, ऑर्डर वेळेत गेली. आणि मीटिंग संपल्यावर तो फिटर आणि मॅनेजर एकाच मशीनपाशी कॉफी घेत उभे होते, कारण त्या माणसाला नोकरीवरून काढणं जवळजवळ अशक्य आहे, समितीच्या सदस्यांना कायद्याचं वेगळं संरक्षण असतं, म्हणून त्याला भीती नव्हती आणि भीती नव्हती म्हणून भांडणही नव्हतं.

नेमकं हेच डोक्यात असताना सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी वाचली, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली, तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. आठवड्याचे ४८ तास तेच राहणार आणि कामगाराची लेखी संमती लागणार, असं ग्रुपवर एकाने मुद्दाम ठळक करून टाकलं होतं. मी भावाला फोन करून विचारलं, लेखी संमती म्हणजे तुझ्याकडे काय होईल? तो म्हणाला, "सुपरवायझर शीट घेऊन येते, आपण सही करतो. सही नाही केली तं उद्यापासून येऊ नको म्हणते." आता सांगा, फिटरची संमती आणि माझ्या भावाची संमती यांना एकच शब्द कसा वापरायचा? एकट्या माणसाकडून, तोही ठेक्यावरचा, घेतलेली सही ही संमती नाहीये, आणि कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती एक तारीख. १९७६. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीत कायदा झाला की दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात, म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं जादा मत मालकांच्या बाजूला जातं, म्हणजे शेवटचा शब्द भांडवलाचाच, हेही सांगायला हवं. आमच्यासारख्या पाचशे ते दोन हजारवाल्या कंपनीत एक तृतीयांश जागा. आणि त्याच १९७६ साली आपल्या संविधानात ४२ व्या दुरुस्तीने कलम ४३क आलं, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. ती दुरुस्ती आणीबाणीतली, तिच्यात नको त्या पुष्कळ गोष्टी होत्या आणि त्यातल्या बऱ्याच पुढे काढूनही टाकल्या, पण हे कलम राहिलं. फक्त ते मार्गदर्शक तत्त्वात आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही. १९९० मध्ये राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं, कायदा काही झाला नाही. शंभर कामगारांच्या कारखान्यात वर्क्स कमिटी १९४७ च्या कायद्यापासून आहे, पण तिचं काम सुचवण्यापुरतं. एकाच वर्षी दोन देशांनी एकच गोष्ट लिहून काढली, तिकडे तिचा फिटर झाला आणि इकडे ती पुस्तकातच राहिली.

जर्मनीचं कौतुक करायला मी बसलो नाहीये. इथे संपत्तीची विषमता प्रचंड आहे, १९९७ पासून संपत्ती कर घेतलाच जात नाही, वारसा कर आहे पण मोठ्या कौटुंबिक कंपन्या सवलतीतून बऱ्याचशा सुटतात, युनियनच्या वेतनकराराखाली आता जेमतेम निम्मे कामगार उरलेत, आणि स्टुटगार्टमध्ये घरभाडं देता देता नर्स आणि बसड्रायव्हर लोकांचा जीव जातो. ठेकेदारीही इथे होती, फार वाईट होती. जून २०२० मध्ये ग्युटर्सलो जिल्ह्यातल्या एका मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारावर कामगारांना कोरोना झाला तेव्हा देशाला कळलं की यातली बहुतेक माणसं रोमानिया, बल्गेरियाहून ठेकेदारांनी आणलेली, एकेका खोलीत कोंबून ठेवलेली. तेव्हाही उद्योगवाले म्हणाले, ठेकेदारी बंद केली तर धंदा बुडेल. पण १ जानेवारी २०२१ पासून कायदा आला की मोठ्या मांसउद्योगात कापायचं, सोलायचं मुख्य काम कंपनीने स्वतःच्या पगारपत्रकावरच्या माणसांकडूनच करून घ्यायचं. कत्तलखाने आजही चालू आहेत. बाकीच्या उद्योगात एजन्सीचा माणूस घेता येतो, पण साधारण नऊ महिन्यांनी पगार बरोबरीचा आणि अठरा महिन्यांच्या वर एका जागी ठेवता येत नाही, वेगळा वेतनकरार असेल तर थोडं इकडेतिकडे. चौदा वर्षं नवा, हे मी इथल्या सहकाऱ्याला सांगितलं तर त्याला वाटलं माझं जर्मन चुकतंय.

"हे सगळं बाहेरचं, आपल्याकडे नाही चालणार" असं म्हणणाऱ्या नागपूरकरांना मी एवढंच आठवण करून देतो की हे आपलंच आहे. आपल्या नागपुरातली टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आला, अपघाताची भरपाई १८९५ मध्ये, कुठल्याही कायद्याने भाग पाडायच्या कितीतरी आधी. आज त्या जागेवर मॉल आहे. दीक्षाभूमीवर आपण ज्यांच्यापुढे डोकं ठेवतो ते बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते आणि कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारा कायदा त्यांच्याच काळातला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगून ठेवलंय की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता अशी विसंगती फार काळ ओढली तर लोकशाहीचाच डोलारा कोसळेल. ए. बी. बर्धन लाल झेंड्याचे, याच शहरात त्यांनी युनियन बांधल्या, १९५७ मध्ये इथून आमदार झाले. भारतीय मजदूर संघ काढणारे दत्तोपंत ठेंगडी आपल्या आर्वीचे, विचार अगदी दुसऱ्या टोकाचे. पण कामगाराला कारखान्यात आवाज हवा हे दोघांनाही सांगावं लागलं नसतं. म्हणून ग्रुपवर कोणी हा विषय काढला की लगेच त्याला लाल किंवा भगवा ठरवायची घाई मला कळत नाही.

आमच्यातल्या एकाचं हिंगण्याला छोटं युनिट आहे, अठरा माणसं. त्याने मला वेगळा मेसेज केला की तुझं सगळं खरं पण मी मरतोय, मोठी कंपनी माझं बिल चार-चार महिने देत नाही, मी कुठून पगार वाढवू? त्याचंही खरं आहे. कायद्यात ४५ दिवस लिहिलेत, पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. म्हणजे तो मालक असून त्याचीही अवस्था माझ्या भावासारखीच, वरच्याला बोलता येत नाही. बाजाराला, नफ्याला माझा विरोध नाही, माझं स्वतःचं पोट त्यावर चालतं. पण ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो त्याला न घाबरता नाही म्हणता आलं पाहिजे, भावाला ठेकेदारापुढे आणि या मित्राला मोठ्या कंपनीपुढे, आणि ती सोय कायद्याने करावी लागते, मालकाच्या चांगुलपणावर सोडून होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात चांगलंही आहे, सगळ्यांना नेमणूकपत्र सक्तीचं, मुदतीच्या नोकरीवाल्याला एका वर्षात ग्रॅच्युइटी. पण कारखाना बंद करायला किंवा माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली, ठेका कामगारांचे नियम लागू व्हायची मर्यादा वीसवरून पन्नासवर. यातल्या औद्योगिक संबंध संहितेवर तर मजदूर संघानेही आक्षेप घेतलेत. मुख्य कामाला ठेकेदारी नको असंही या संहितांत लिहिलंय, पण पुढे इतके अपवाद जोडलेत की भावाचं मशीन मुख्य काम की अपवाद हे त्याला कोण सांगणार?

मागच्या रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. नेमणूकपत्र मिळालं, त्याने कॅमेऱ्यासमोर धरलं, ठेकेदाराच्या लेटरहेडवर, जॉइनिंग तारीख गेल्या महिन्याची. "दादा, मग चौदा वर्षं कुठे गेले?" मी त्याला पीएफचं पासबुक उघडायला लावलं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खातेक्रमांक, एकच असतो पण ठेकेदार बदलला की मेंबर आयडी नवा पडतो, आणि जुने सगळे तिथे दिसतात, महिन्यानुसार. आम्ही बसून मोजले, नऊ आयडी, नऊ ठेकेदार, मधे कुठेही दोन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही. सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून त्याने जुन्या गेटपासांच्या फोटोंसोबत एका फाइलमध्ये ठेवलेत. त्याच्या लाइनवरच्या आणखी चौघांनी आपापले पासबुक काढले, आणि येत्या सोमवारी नाइट संपली की ते पाचही जण युनियनच्या वकिलाकडे जाणार आहेत.