वेल्ड मारून मोकळा का झालो नाही

काका, नमस्कार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमची कॉमेंट वाचून आधी राग आला, मग फोन खिशात टाकला आणि शेडमध्ये जाऊन सुऱ्या घासायच्या बेल्ट ग्राइंडरचा रेस्ट, म्हणजे बेल्टसमोर काम टेकवायची काढता-घालता येणारी प्लेट, दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला. हलला नाही. मग फट मोजली आणि गप बसलो.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. त्यांची तीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये गेलीत. काढता-घालता येणारी वस्तू आज ना उद्या हलतेच, सरळ ग्राइंडरच्या फ्रेमला वेल्ड मारून मोकळा झाला असतास, हे एक. फोटोत बेल्ट आणि रेस्टच्या मधे पाच मिमी फट दिसतीय, कधीतरी बोट जाईल, हे दुसरं. सुरी करणाऱ्यानं हातानं घासावं, रेस्ट हवाच कशाला, हे तिसरं. आणि जाता जाता, प्लेट एमएसची (साध्या पोलादाची) नको, कास्टिंगची (ओतीव लोखंडाची) कर.

फटीचं आधी. तुम्ही बरोबर, मी चूक. झालं काय की मी रेस्ट लावला तेव्हा ३६ ग्रिटचा, म्हणजे भरड दाण्याचा जाड बेल्ट चढवलेला होता, त्यात बेल्टचा जोड फिरताना टकटक करत होता म्हणून भीतीनं जरा जास्तच मागं ठेवला, पुढं ४०० चा पातळ बेल्ट चढवला आणि रेस्ट होता तिथंच राहिला, म्हणजे बेल्ट जेवढा पातळ तेवढी फट आणखी वाढली. बेल्ट वरनं खाली पळतो, त्या फटीत काही घुसलं की ते खालीच ओढलं जाणार. महिन्याभरापूर्वी पितळेचा गार्ड (सुरीच्या मूठ आणि पात्याच्या मधली पट्टी), जेमतेम चार सेंटीमीटरचा तुकडा, असाच आत गेला, बेल्ट फाटला आणि अंगठ्याचं अर्धं नख गेलं. तेव्हा मी दोष पितळेला दिला होता! आता प्रत्येक वेळी बेल्ट बदलला की मोटर बंद करून हॅक्सॉची दोन पानं एकावर एक धरतो, पाठीकडची बाजू फटीत घालतो आणि रेस्ट तिथपर्यंत पुढं सरकवतो. सव्वा मिमीच्या आसपास येतं. जुना फोटो काढून टाकलाय, कुणी बघून तसंच करायला नको.

पण हे पुढं सरकवणं वेल्ड मारल्यावर कसं जमणार, सांगा बरं.

आता हलण्याचं. तुमचा मुद्दा हवेत नाही, माझा पहिला रेस्ट खरंच हलायचा. प्लेटखालचा दांडा ग्राइंडरवरच्या ज्या नळीत शिरतो त्या रिसीव्हरला ५० बाय ५० चा, ५ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला होता, आत राहिले ४०, आणि दांडा ३८ चा. म्हणजे दोन मिमी ढिलाई, ती बाहेर प्लेटच्या टोकाला आणखी मोठी होऊन दिसते. वरनं एकच बोल्ट आवळलेला, तो दांडा खाली दाबायचा पण बाजूला मोकळाच. मला वाटलं बोल्ट कमी पडतोय, म्हणून आणखी आवळला, आटे गेले.

डोक्यात प्रकाश पडला तो इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं चहा पिताना. तो म्हणाला, बोल्टचं काम धरायचं, जागा दाखवायचं न्हवं, जागा कोपरा दाखवतो. मग बाजूनंही एक बोल्ट घातला. आता एक खाली दाबतो, एक आडवा दाबतो, दांडा दरवेळी त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो, दोन मिमी ढिलाई आहे तशीच आहे पण तिला आता काही काम उरलेलं नाही. त्याआधी पाइपच्या आत जी जोडाची उभी शिवण असते ती कानशीनं घासून काढावी लागली, नाहीतर दांडा तिच्यावरच डुगडुगतो. बोल्टच्या टोकाखाली पितळेची टिकली ठेवली, कारण टोकानं दांड्यावर खड्डा पाडला की बोल्ट पुढच्या वेळी घरंगळत त्याच खड्ड्यात जातो, तुम्हाला फट कुठंही हवी असली तरी.

आणि वरचा बोल्ट रिसीव्हरच्या तोंडाशी होता तो मागच्या टोकाला नेला. प्लेटवर जोर खाली पडतो, तेव्हा दांडा तोंडाच्या खालच्या कडेवर टेकून मागनं उचलायला बघतो. तोंडाशी बोल्ट म्हणजे दार बिजागरीपाशी धरून ठेवण्यासारखं. एवढ्या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानंच नाही.

वेल्ड मी मारला नव्हता असं नाही बरं का. प्लेट दांड्याला पहिल्यांदा वेल्डच केली होती, चारी बाजूनं मस्त फिरवून. गार झाल्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला तर खालनं उजेड दिसतोय, वेल्डनं प्लेट ओढली होती. कापून काढली, १० चे दोन अ‍ॅलन बोल्ट मारले, आणि बेल्टशी काटकोन जुळेपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसलो. तुमच्या हातानं कदाचित ओढली नसती, माझा हात तेवढा बसलेला नाही.

हातानं घासण्याबद्दल वाद नाही. बेव्हल, म्हणजे पात्याचा धारेकडचा उतार, मी हातानंच काढतो, आणि म्हणूनच रेस्ट निघायला हवा. पात्याचा कोन धरताना मूठ आणि मनगट खालनं फिरतं, तिथं लोखंडाची प्लेट असली की गाठीच फुटतात, आणि गाडीच्या कमान पाट्यातनं केलेलं कोयत्यासारखं लांब पातं तर आडवं जातच नाही. रेस्ट लागतो बाहेरचा आकार, पाठ, टँगचा (पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीचा) खांदा आणि गार्ड काटकोनात करायला. दिवसात तासभर. शिवाय प्लेटला बेल्ट मावेल अशी खाच आहे, तिचे दात बेल्टच्या दोन्ही बाजूंना येतात, रेस्ट जागेवर असला तर बेल्ट बाजूनं निघतच नाही.

कास्टिंगचं मात्र मनाला लागलं. थरथर कमी येईल हे पटतंय, आणि कोल्हापुरात राहून कास्टिंग नाही मिळालं तर लाजच आहे, शिरोलीत एक मित्र फाउंड्रीतच आहे. काळजी एकच, खाचेच्या दोन्ही बाजूचे जे दात उरतात ते रेस्ट हातातनं पडला तर तुटतील, आणि माझ्या हातनं तो पडणारच. जाडी १६ ठेवू का २०, आणि दाताच्या मुळाशी किती गोलाई देऊ, तेवढं लिहा.